बाटलीवरचं नाव

"हा काही घेतो का?"

डॉक्टरनं हे मला विचारलं नाही. अधीक्षक साहेबांना विचारलं. मी दोघांच्या मधेच उभा होतो.

साहेब म्हणाले, "न्हाई हो डॉक्टरसाहेब. जयभीमवाला हाय, पण थेंबाला शिवत न्हाई."

"तंबाखू?"

"ते बी न्हाई."

"कसल्या गोळ्या? बीपी, शुगर?"

"काही न्हाई. बैलासारखा धडधाकट हाय."

डॉक्टरनं मला वरून खालपर्यंत बघितलं. हाळीच्या बाजारात बैल बघतात तसं. दात तेवढे मोजायचे राहिले. मग म्हणाला, "मग ह्याचं मूत चालंल."

साहेबांनी टेबलावरची प्लास्टिकची बाटली माझ्या पुढं सरकवली. बाटलीवर पट्टी आधीच चिकटवलेली होती. पट्टीवर डॉक्टरच्या पोराचं नाव.

हे नांदेडच्या मुलांच्या निरीक्षणगृहात घडलं. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात. मी तिथं काळजीवाहक. पोरांना उठवायचं, जेवू घालायचं, मोजायचं, कुलूप लावायचं. कोर्टासारखं एक मंडळ असतं, तिथं तारखेला घेऊन जायचं. अठरा वर्षांच्या आतल्या पोरानं गुन्हा केला की ते आमच्याकडं येतं, आणि काही खात-पीत होतं का, नशा करत होतं का, हे मंडळाला कळावं म्हणून त्याची लघवी तपासायला जाते. ती घ्यायचं काम माझं होतं.

त्याचा एक रिवाज होता. मोरीचं दार अर्धं उघडं ठेवायचं. पोर आत, मी उंबऱ्यावर. त्यानं पाणी मिसळू नये, दुसऱ्याचं घेऊ नये, म्हणून मी बघत राहायचं. पण कुणी बघत असलं की पोरांना होत नाही. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, चाकू मारून आलेलं असलं तरी, मोरीत लाजून मान खाली घालतं. म्हणून मी नळ सोडायचो. बादलीत धार पडायला लागली की तिच्या आवाजानं पोराला सुटायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वतःच काढलेली युक्ती.

त्या दिवशी त्या मोरीत मी स्वतः गेलो. बाटली हातात धरून उभा राहिलो. होईना. दाराबाहेर डॉक्टरचे बूट दिसत होते. मग मी हात लांब करून नळ सोडला.

स्वतःसाठी.

बाटली भरून बाहेर आणली तेव्हा डॉक्टरनं खिशातून रुमाल काढला आणि रुमालात बाटली धरली. त्याच्या पोराच्या नावानं जाणार होतं ते. तरी त्याला हात लावायचा नव्हता.

पैसे दिले नाहीत. दिले असते तर मी घेतले असते की नाही, मला माहीत नाही. पण मला विचारायचीही गरज त्यांना वाटली नाही, हे मला नंतर लई दिवस सलत राहिलं.

*

मी का दिलं, ते सांगतो.

मी लातूरकडचा. भूकंप झाला तेव्हा नववीत होतो. बा भिंतीखाली गेला. माय आणि मी वाचलो, कारण आमचं घर गावातलं सगळ्यात हलकं. कुडाचं होतं. बा नेमका त्या रात्री दुसऱ्याच्या दगडामातीच्या माळवदाखाली राखणीला झोपला होता.

मग पत्र्याचे शेड आले. गाव सगळं एका माळावर आलं. मला वाटलं, आता सगळ्यांचं सारखंच. सगळ्यांचंच पडलंय. शेडच्या कडेला पाण्याची टाकी बसवली, तिला नळ लावला. पहिल्या दिवशी मायनं घागर लावली, भरली, डोक्यावर घेतली. तिच्या मागं उभी असलेली बाई पुढं आली. तिचा नवरा आणि दोन लेकरं गेली होती. कपाळ मोकळं होतं. तिनं खाली वाकून माती घेतली आणि नळाची तोटी घासली. घासून, धुऊन, मग आपली घागर लावली.

माय वळून बघत होती. शेडमधे आल्यावर एवढंच म्हणाली, "भुकंपानं एवढं पाडलं. हे काही पडलं न्हाई."

त्या शेडांमधे मदतीचे पैसे आले तशी दारूही आली. आमच्याच रांगेतली माणसं संध्याकाळी पडलेली असायची. माय मला विहाराच्या शेडमधे घेऊन जायची. एका पत्र्याला बाबासाहेबांचा फोटो, एक बुद्धमूर्ती. तिथं पंचशील म्हणायचं. पाचवं शील आलं, दारू आणि नशेचं, की माय माझा दंड धरायची. घट्ट. "आपल्या घरात थेंब न्हाई येणार. तुझ्या बाला मी दिली न्हाई, तुला बी देणार न्हाई." तिचा हात मला अजून दंडावर कळतो.

भूकंपग्रस्तांच्या कोट्यातून मला नोकरी लागली. साहेब ते कधी विसरू द्यायचे नाहीत. गव्हाचं पोतं उशिरा आलं, कुणी पोर भिंतीवर चढलं, की म्हणायचे, "कोट्यातला गडी तू. घरी बसायला किती वेळ लागतो?" घरी दोन लेकरं होती, माय होती. मान खाली घालायची सवय झाली. ही सवय एकदा मानेत बसली की माणसाला वाटतं मान अशीच असते.

म्हणून दिलं. दुसरं कारण नाही. त्या माणसांनी माझ्यावर चाकू धरला नव्हता.

*

आता पोरांचं सांगतो. दोघं होती.

एक ऋषी. अहमदपूरच्या ह्याच डॉक्टरचा मुलगा. नांदेडला क्लाससाठी ठेवलेला. तेव्हा क्लासचा नुसता पूर आला होता. लातूरला जागा पुरत नव्हती, तर नांदेडात गल्ली-गल्लीत होस्टेल उघडली. आई-बाप पोरांना आणून सोडायचे आणि डॉक्टर करून न्यायला येऊ म्हणायचे. ऋषीला झोप येऊ नये म्हणून कुणीतरी एक गोळी दिली. मग झोप यावी म्हणून दुसरी दिली. दुसऱ्या गोळीला पोरं बटन म्हणतात.

दुसरा इरफान. भोकरचा. त्याचे अब्बा गाद्या भरतात. तीन पिढ्यांचं काम. होस्टेल वाढली तशा गाद्या वाढल्या. इरफान शाळा सोडून बापाच्या हाताखाली लागला होता, होस्टेलच्या जिन्यांवरून खांद्यावर गाद्या चढवायचा. तिथं ऋषीशी ओळख झाली. इरफान बटन खायला शिकला ते ऋषीच्या खोलीत, आपणच भरलेल्या गादीवर बसून.

गोळ्यांना पैसे लागतात. दोघांनी मोटारसायकलवरून एका बाईच्या गळ्यातलं गंठण ओढलं. गाडी इरफान चालवत होता. ओढलं ऋषीनं. लोकांनी पुढच्या चौकात धरलं, धुतलं. गाडीच्या डिकीत गोळ्यांचं पाकीट सापडलं. कुणाचं, हा प्रश्न होता. मंडळानं सांगितलं, दोघांची तपासणी करा.

पहिले दोन दिवस दोघंही सारखीच होती. सारखा घाम, सारखा थरकाप, सारखी उलटी. दोघांच्याही पाठीला हात लावून मी बसलो. त्या दोन दिवसांत कोण अहमदपूरचा आणि कोण भोकरचा, हे नावाशिवाय कळलं नसतं.

इरफानचं मी सकाळी घेतलं. दार अर्धं उघडं, नळ सोडून. त्यानं निमूट दिलं.

ऋषीचं घ्यायच्या आधी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. पुढचं मी सांगितलंय.

एक सांगितलं नाही. बाटली भरून डॉक्टरच्या रुमालात दिली आणि मी वार्डात परत आलो, तर ऋषी दारातच उभा होता. त्याला कळलं होतं. बापानंच सांगितलं असावं. तो म्हणाला, "काका, माझंच घ्या ना."

मी म्हणालो, "आत जा."

"खरंच घ्या काका. रिपोर्ट आला तर दवाखान्यात तरी टाकतील. पप्पा म्हणतात, लिहून आलं तर मेडिकलचं वाटोळं होईल. मला न्हाई जायचं परत होस्टेलच्या त्या खोलीत."

पोरगं रडत नव्हतं. दात वाजत होते त्याचे. मी त्याच्या खांद्याला धरून आत लोटलं आणि कडी लावली.

ही कडी माझ्या हातानं लावली. साहेबांनी नाही, डॉक्टरनं नाही.

*

मंडळात न्यायाधीश मॅडम बसायच्या आणि बाजूला दोन सदस्य. तारखेला दोन्ही रिपोर्ट वाचले गेले. इरफानच्या लघवीत गोळी निघाली. ऋषीची स्वच्छ. साहेबांनी आपला अहवाल वाचला: एक मुलगा व्यसनी, दुसरा चांगल्या घरचा, संगतीनं बिघडलेला.

इरफान उभा राहिला. "मॅडम, गोळ्या त्यानंच दिल्या. आमी दोघांनी खाल्ल्या."

एक सदस्य हसले. "मग त्याच्या पोटातून कुठं गेल्या रे? उडाल्या?"

सगळे हसले. इरफाननं माझ्याकडं बघितलं. मी दोघांना धरून बसलो होतो, हे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं मी बोलेन. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिलो. ऋषीचा बाप ऋषीच्या मांडीवर हात ठेवून बसला होता. ऋषी फरशीकडं बघत होता.

ऋषी बापाच्या गाडीतून गेला, हमीवर. इरफानला लांबच्या सुधारगृहात पाठवलं. त्याचे अब्बा दाराशी उभे होते. गाडी गेल्यावर मला म्हणाले, "साब, बच्चा मेरा चोर होगा. पर उसकू सिखाया कौन?" मी फाटक ओढून घेतलं.

त्या रविवारी मी लातूरला मायकडं गेलो. तिच्याबरोबर विहारात बसलो. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं म्हणालो. चौथं आलं. खोटं बोलणार नाही, ते. माझा आवाज निघेना. ओठ हलवले. मायनं बाजूनं बघितलं. तिला वाटलं घसा धरला. मग पाचवं आलं, आणि ते मला म्हणता आलं. मोठ्यानं म्हणता आलं.

तेव्हा मला कळलं मी काय दिलं होतं. डॉक्टरला माझं मूत नको होतं. मायनं माझा दंड धरून जे राखलं होतं ते त्याला पाहिजे होतं. आमच्या घागरीनंतर तोटी घासणाऱ्यांच्या पोराला स्वच्छ ठरवायला आमचं पाचवं शील लागलं. आणि ते देताना मी चौथं मोडलं.

घरी आल्यावर मायनं पाणी दिलं. मला काही सांगता आलं नाही. ती गेली तेव्हाही तिला माहीत नव्हतं.

*

ऋषी वर्षाच्या आत परत आला.

ह्या वेळी एकटाच. औषधाच्या दुकानाचं शटर वाकवून आत शिरला होता. पैशाला हात लावला नव्हता. गोळ्या खात तिथंच बसला होता, सकाळी मालकाला सापडला. हाताची कातडी लोंबत होती, इतका वाळला होता. डोळे माझ्याकडं होते, पण मी त्याला दिसलो की नाही, सांगता येत नाही.

पुन्हा तपासणीचा हुकूम. पुन्हा साहेबांची खोली. पुन्हा टेबलावर बाटली आणि बाटलीवर तेच नाव. डॉक्टर थकलेला दिसत होता. ह्या वेळी तो सरळ माझ्याशीच बोलला.

"मागच्यासारखं करू, भाऊ."

भाऊ.

गेल्या वेळी मी 'हा' होतो. आता भाऊ झालो. मी बाटली उचलली नाही.

"माझं न्हाई मिळणार," मी म्हणालो.

साहेब म्हणाले, "अरे, मागं दिलंस की."

"मागं दिलं. आता न्हाई."

"मग कुणाचं घ्यायचं?"

"ज्याचं नाव हाय त्याचं."

साहेब खुर्चीतून उठले. "माजलास का रे? कोट्यातून यायचं आणि वर तोंड करून बोलायचं?"

"हाव साहेब. बाप मेला म्हणून आलो. तुमच्या घरनं न्हाई आलो."

असं मी आधी कधी बोललो नव्हतो. बोलल्यावर मी टेबलाला टेकलो.

डॉक्टर म्हणाला, "तुला कळतंय का, माझ्या पोराचं आयुष्य आहे."

"कळतंय म्हणूनच," मी म्हणालो. बाटली उचलली आणि वार्डात गेलो. ऋषीला दंडाला धरून मोरीत नेलं. दार अर्धं उघडं ठेवलं. नळ सोडला. त्याला उभं राहता येत नव्हतं म्हणून एका हातानं धरून ठेवलं.

बाटली भरत असताना त्यानं विचारलं, "काका, मागच्या टायमाला का न्हाई घेतलं?"

मी नळ मोठा केला.

रिपोर्ट आला. मंडळानं त्याला उपचाराला पाठवलं. पुढं काय झालं मला माहीत नाही. वाचला असेल तर मी वाचवला नाही, आणि नसेल तर त्यात माझा हात आहे.

दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी मला वार्डातून काढून फाटकावर बसवलं. तेव्हापासून मी फाटकावरच आहे. साहेब बदलले, मॅडम बदलल्या, मी तिथंच. लोक म्हणायचे, बरी जागा मिळाली, काही ताप नाही. मी हो म्हणायचो. एकदा नाही म्हणालो होतो, तेवढ्यावरच मी माझ्या मनाला गप्प बसवत होतो. पण त्या नाहीनं झालं तर ऋषीचं भलं झालं. इरफानचं काहीच झालं नव्हतं.

*

गेल्या आठवड्यात फाटकाशी टेम्पो थांबला. पोरांसाठी नव्या गाद्या मंजूर झाल्या होत्या. टेम्पोतून एक माणूस उतरला. दाढी आलेली, केसात कापसाचे तंतू. कागद पुढं केला.

मी म्हणालो, "टेम्पो आत घ्या. वार्डापाशी उतरवा."

"आत न्हाई येणार, काका. इथंच उतरवतो."

तेव्हा मी चेहरा बघितला.

तो एकेक गादी काढून फाटकाच्या बाहेर रचत होता. मी मदतीला गेलो. एका गादीची दोन टोकं धरून आम्ही समोरासमोर उभे होतो. मी म्हणालो, "इरफान."

"हाव. वळख दाखवली, बरं झालं." तो हसला. "अब्बाला नजर कमी हाय आता. मीच बघतो सगळं."

"बरं चाललंय?"

"चाललंय की. भोकरात कुणाची गाडी गेली, कुणाची बकरी गेली, की जीप पहिले आमच्या दुकानासमोर. बटनवाला म्हणतात मला. पंधरा वर्षं झाली, एक गोळी खाल्ली न्हाई. पोरीच्या शाळेत बी म्हणतात. बटनवाल्याची पोरगी."

लहान वयातल्या गुन्ह्याचे कागद ठेवत नाहीत, नष्ट करतात, असा कायदा आहे. मला माहीत आहे. पण ठाण्यातल्या माणसांच्या तोंडातलं कोण नष्ट करणार?

गादी अजून आमच्या हातात होती. मी सगळं सांगितलं. खोली, डॉक्टर, बाटली. माझं होतं ते, असं सांगितलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगताना मी त्याच्याकडं बघितलं नाही, गादीच्या टाक्यांकडं बघत होतो.

आपल्याकडचं टोक त्यानं खाली ठेवलं.

"मेरेकू कायकू बोलरे, काका?" तो हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला तर तवाच माहीत होतं. ऋषी बी माझ्यासारखाच कापत होता. बोलायचं तर तिथं बोला. जिथं पंख्याकडं बघत होता, तिथं."

पंखा त्याच्या लक्षात होता.

उरलेल्या गाद्या त्यानं एकट्यानं उतरवल्या. मला हात लावू दिला नाही. कागदावर सही घेतली आणि गेला.

*

उद्या मंडळाची तारीख आहे. ज्या खोलीत तेव्हा बसायचे, त्याच खोलीत बसतात. मी रजा टाकलेली नाही. गणवेशातच जाणार आहे.

काय होईल ते मला कळतं. नोकरी जाईल. माझ्यावर गुन्हा दाखल होईल, व्हायलाच पाहिजे. डॉक्टर म्हणेल हा खोटारडा आहे. जुने साहेब निवृत्त होऊन लातूरला बंगल्यात बसलेत, ते म्हणतील ह्या लोकांची जातच अशी. म्हणू द्या. ह्या वेळी मी कुणाच्या मधे उभा राहणार नाही, समोर उभा राहणार आहे.

इरफानचं पुसलं जाईल का, माहीत नाही. जीप यायची थांबेल असं मला वाटत नाही. त्यानं मला माफ करावं म्हणून मी जात नाही. त्यानं ते मागितलेलंही नाही.

माझा जबाब लिहून घेणारा बाबू शब्द सुधारेल, हे मला आत्ताच दिसतंय. तो लिहील, 'मूत्राचा नमुना देण्याबाबत सुचविण्यात आले.' मी त्याला थांबवणार आहे. तसं लिहू नका म्हणणार आहे. माझ्यासमोर उभं राहून, मला न विचारता, डॉक्टर 'मग ह्याचं मूत चालंल' असं म्हणाला होता. आणि मी ते दिलं. तेवढंच आणि तसंच लिहा. खाली माझं नाव टाका. ह्या वेळी नाव माझंच पाहिजे.